रणनवरे डॉक्टरांचे गडी

रणनवरे डॉक्टर कुणाला नमस्कार करत नसत. तुम्ही समोरून आलात की ते सरळ तुमचं मनगट धरायचे, डोळे मिटायचे आणि भर रस्त्यात उभे राहायचे. मागून बैलगाडी आली आणि गाडीवान ओरडला, तरी डोळे न उघडता दुसरा हात वर करून ते गाडी थांबवायचे. मग समाधान झालं की मनगट सोडून म्हणायचे, "हं. वाहतंय." हाच त्यांचा रामराम. एका लग्नात त्यांना अक्षता द्यायला नवरीच्या मामानं हात पुढे केला, तर अक्षता मांडवभर आणि मामाचं मनगट डॉक्टरांच्या मुठीत. तिकडे मंगलाष्टकं संपली, इकडे मामा अडकलेलेच. चर्चच्या दारात पाळकसाहेब रविवारी सगळ्यांशी हात मिळवायला उभे राहत, ते तर डॉक्टर लांबून दिसले की आपणहून बाही वर सारायचे.

कोपरगावात बाजारतळाच्या पलीकडे त्यांचा दवाखाना होता. चार खाटा, एक म्हाताऱ्या सिस्टर आणि मागच्या अंगणात शेळ्या. शेळ्यांबद्दल पुढे सांगतो. डॉक्टर मूळचे राहुरीकडचे. लष्करात सर्जन होते, पासष्टची लढाई त्यांनी आघाडीवर काढली होती. नंतर एकाएकी राजीनामा देऊन इकडे आले. आमच्या गावानं त्यांच्या आडनावावर एक विनोद करून ठेवला होता: रण झालं, नवरेपण तेवढं राहिलं. डॉक्टरांच्या कानावर तो गेला तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. हुकूमच आला नाही."

'हुकूम' हा त्यांचा लाडका शब्द. जगात हुकुमाशिवाय काही घडत नाही असं त्यांचं ठाम मत. दूध उतू गेलं की चुलीपुढे उभं राहून विचारायचे, "हुकूम कुणाचा?" एसटी उशिरा आली की कंडक्टरला, "हुकूम कुणाचा?" एखाद्याच्या पायाला सूज आलेली असली की त्या माणसाला नाही, त्या सुजेलाच विचारायचे. पेशंट बिचारा घाबरून सांगायचा, "कुनाचा न्हाई सायेब, आपोआपच आली."

"आपोआप काही येत नसतं," डॉक्टर म्हणायचे.

मी पेंटर. 'दिनकर आर्ट्स' म्हणजे मी, माझी शिडी आणि रंगाचे डबे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची कमळं, कारखान्याच्या भिंतीवरच्या सूचना, शाळेतले सुविचार, सगळं माझ्या उजव्या हातचं. त्या हाताची आणि डॉक्टरांची गाठ पडली ती एका कापडदुकानात. पाटीवरचा शेवटचा काना ओढत होतो, शिडी सरकली आणि मी दुकानाच्या काचेच्या कपाटात हातासकट शिरलो. कोपराच्या आतल्या बाजूनं रक्ताची धार उडाली. शेठजी माणूस चांगला, पण जन्मभर कापड विकलेला. नोकर घाईनं पॉपलिनचा तागा फाडायला लागला तसे ते ओरडले, "अरे, मांजरपाट घे, मांजरपाट! रक्त जास्ती पितो तो!" त्यांच्या मांजरपाटात गुंडाळून, टांग्यात घालून मला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी एकदाच हात उघडून पाहिला आणि दाबून धरला. म्हणाले, "मोठी धमनी कापली आहे. बांधून टाकली तर तू वाचशील, हाताची खात्री नाही. शिवून जोडली तर हातही वाचेल. काम काय करतोस?"

"पेंटर आहे," मी म्हणालो.

"मग शिवायचीच."

लष्करातून आणलेल्या केसाएवढ्या बारीक रेशमी धाग्यानं त्यांनी ती शिवली. शुद्धीवर आलो तर ते खाटेशेजारी स्टुलावर बसलेले, माझं मनगट हातात, डोळे मिटलेले. "वाहतंय," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मात्र नव्हता. परीक्षेचा पहिला पेपर चांगला गेलेल्या मुलासारखा चेहरा होता.

घरी गेलो तरी सुटका नाही. आठवड्याला तीनतीनदा बोलावणं. आई म्हणायची, "आरं, बरा झाला की आता तू. मंग रोज काय चाचपत्यात?" शेवटी एकदा तिनं त्यांनाच विचारलं. डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगायला सुरुवात केली. ते समजावायला लागले की सिस्टर हळूच चहा टाकायला उठायच्या, कारण आता चहा उकळून आटेपर्यंत वेळ होता.

"आई, पाट फुटला की काय करतात?"

"बुजवत्यात."

"कोण?"

"गडी."

"बरोबर. धमनीच्या भिंतीतही गडी असतात. स्नायूच्या पेशी. एरवी निवांत बसून भिंत आवळायचं, सैल करायचं काम करतात. जखम झाली की हेच गडी उठतात, एकाचे दोन, दोनाचे चार होतात, आत सरकतात आणि माती टाकायला लागतात. इथपर्यंत चांगलं. पण 'पुरे' कुणी म्हटलंच नाही तर?"

आईनं क्षणभर विचार केला. "मंग पाटच बुजायचा. म्होरल्या वावराला पानी न्हाई."

"तेच!" डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. "त्या गड्यांना हुकूम कुणाचा? आपोआप नाही उठत ते. रक्तात काहीतरी असतं, भिंत सोलली गेली की ते गड्यांपर्यंत पोचतं आणि सांगतं, 'चला, कामाला लागा.' माझी खात्री आहे, ते प्रोटीन आहे. आणि 'बस्स, थांबा' म्हणणारंही काही असलंच पाहिजे. ते मला सापडत नाही."

आई यातला एकच शब्द घट्ट धरून घरी आली. आमच्या गावात दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे, तिथला एक साहेब 'प्रोटीन प्रोटीन' करायचा, म्हणून तो शब्द तिला ठाऊक होता. डाळ, अंडी, शेंगदाणे म्हणजे प्रोटीन. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटातून डाळ गेली, अंडं गेलं, शेंगदाण्याची चटणी गेली. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर मायेचं पाणी. मी वाळायला लागलो. डॉक्टरांनी कारण विचारलं, मी सांगितलं, तसे ते तडक आमच्या घरी आले. चुलीपुढे उभं राहून म्हणाले, "आई, याची डाळ बंद केली? हुकूम कुणाचा?"

"तुमचाच की!" आई म्हणाली. "तुमीच म्हनला, पोरटीन गड्यांना उठिवतं."

डॉक्टर मटकन् पाटावर बसले. मग एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारीण डोकावून गेली. "आई, प्रोटीनं हजार तऱ्हेची असतात. खाल्लेल्या डाळीतून शरीर आपली वेगळी बनवतं. निरोप सांगणारी निराळी, अंग बांधणारी निराळी. याला डाळ द्या. दोन वाट्या द्या." आईनं दोन वाट्या दिल्या, एक मला, एक त्यांना. त्यांनी उभ्याउभ्याच ती पिऊन टाकली आणि निघून गेले.

आता शेळ्या. गड्यांचा हुकूम शोधायला डॉक्टरांनी बाजारातून शेळ्या आणल्या होत्या. भूल देऊन शेळीच्या पायातली एक बारीक धमनी आतून खरवडायची, शिवून टाकायची, काही आठवड्यांनी तेवढाच तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, असा बेत. शेळी मारायची असंही मुळात ठरलं होतं म्हणे, पण ते काही जमलं नाही. तुकडा काढल्यावर शेळी पुन्हा अंगणात यायची, तिला पाला मिळायचा आणि वर हुद्दा मिळायचा. सुभेदार, नाईक, लान्स नाईक. सगळ्यात खोडकर होती ती हवालदार. एकदा डॉक्टरांनी भर चौकात पालेवाल्याला सांगितलं, "ओला पाला देऊ नकोस रे. हवालदाराला जुलाब लागलेत." मागे पोलीसचौकीचा खरा हवालदार उभा होता. तो संध्याकाळी दवाखान्यात जाब विचारायला आला, तेव्हा डॉक्टरांनी अंगणात नेऊन त्याची ओळख करून दिली. दोघांची नजरानजर झाली. शेळीनं त्याच्या टोपीकडे तोंड नेलं. तो टोपी सांभाळत परत गेला, आणि पुढे म्हणे बायकोच्या गुडघ्यासाठी औषध न्यायला आला की शेळीची चौकशी करून जायचा.

हात बरा झाल्यावर मी डॉक्टरांना म्हणालो, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"चित्रं काढ," ते म्हणाले. "मला नगरला डॉक्टरांच्या सभेत बोलायचंय. मला जे दिसतं ते त्यांना भिंतीवर दिसलं पाहिजे."

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. मी डोळा लावला आणि थक्क होऊन म्हणालो, "डॉक्टर, केवढे केस आहेत आत!"

"त्या तुझ्या पापण्या आहेत. जरा मागे हो."

मागे झालो आणि मग दिसलं. कांद्याची चकती असावी तसं गुलाबी वर्तुळ, त्यात जांभळे ठिपके. निरोगी धमनीत ठिपके शहाण्यासारखे भिंतीत रांगेनं बसलेले आणि मधे ऐसपैस मोकळी जागा. मग डॉक्टरांनी दुसरी काच सरकवली, सुभेदाराची, खरवडल्यानंतरची. भिंतीतले ठिपके आत उतरले होते, सोमवारच्या बाजारासारखी गर्दी, एकमेकांच्या खांद्यावर चढलेले, आणि मधली जागा सुईच्या नेढ्याएवढी. मी बराच वेळ पाहत राहिलो. माझ्याही कोपरात तसंच एक वर्तुळ होतं. डॉक्टर दर वेळी डोळे मिटून काय शोधत होते ते मला तिथं कळलं.

पत्र्याच्या तीन पाट्यांवर मी चित्रं काढली, ऑइल पेंटमध्ये. जीव ओतून काढली. सवयीनं भोवती वेलबुट्टी निघाली, आणि शेवटच्या पाटीवर, बंद होत आलेल्या धमनीखाली, हात आपला चालतच गेला आणि लिहून गेला, 'पुन्हा अवश्य या'. डॉक्टरांनी गडबडीत पाहिलं नाही. पाट्या गोणपाटात बांधून एसटीच्या टपावर टाकल्या आणि गेले.

मी दोन दिवस तोंड लपवून होतो. परत आल्यावर ते म्हणाले, "तिसरी पाटी लावली आणि अख्खी सभा हसायला लागली."

"चुकलं माझं, डॉक्टर."

"चुकलं कसलं? माझ्या भाषणात लोक झोपतात. या वेळी शेवटपर्यंत जागे होते. एका म्हाताऱ्या सर्जननं तर प्रश्नही विचारला."

"काय?"

"तेच. 'पुरे' कोण म्हणतं?" आणि ते इतके खूश दिसले की जणू उत्तरच मिळालं होतं.

तो उन्हाळा कडक होता. कारखान्याच्या भिंतीवर मी 'सुरक्षा प्रथम' लिहीत होतो आणि हातातून ब्रश गळून पडला. उचलला, पुन्हा पडला. बोटं पांढरी झाली होती, त्या रणरणत्या उन्हात माठातल्या पाण्यासारखी गार. तसाच सायकलवर बसून एका हातानं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मनगट धरलं. डोळे मिटले. मग दुसरा हात लावून पाहिलं, कोपरावर, दंडावर.

"गडी?" मी विचारलं.

"गडी," ते म्हणाले. "वाट अगदी अरुंद झाली आहे आणि वर गुठळी बसलेली दिसते. पुण्याला न्यायला हवं होतं. पण तेवढा वेळ हा हात देणार नाही." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "पेंटर, बुजलेला तुकडा कापून काढतो आणि तुझ्या पायातली शीर तिथं जोडतो. लष्करात हे काम पाहिलंय, केलंय. तरी हमी देत नाही. हात जाऊही शकतो. बोल."

"तुम्ही करा," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार होतो? त्यांनी बाह्या वर सारल्या आणि सिस्टरांना पाणी उकळायला सांगितलं.

आई धावत आली. पायातली शीर हातात घालणार हे ऐकून म्हणाली, "पायाची शीर हाताला? मंग ह्यो हातावर चालंल का काय?" आणि लगेच पदर तोंडाला लावून रडायला लागली. डॉक्टर तिच्यापुढे वाकून म्हणाले, "आई, शिरेला ठाऊक नसतं ती कुठली आहे. रक्त आलं की ती कामाला लागते. तुम्ही अंगणात बसा. शेळ्यांना पाला घाला."

दुपारभर ऑपरेशन चाललं. हात आणि पाय बधिर केले होते, मी जागा होतो, मधे पडदा. डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत होतं. ते सिस्टरांशी बोलत नव्हते, माझ्याशीही नाही. "हळू. आतल्या अस्तराला धक्का नको. जितकं कमी सोलाल, तितका निरोप कमी जाईल. हळू, रणनवरे, हळू." मग धमनीवरचा चिमटा सोडल्याचा बारीक आवाज. आणि सिस्टर म्हणाल्या, "अगं बाई, बोटं बघा!"

पडदा बाजूला झाला. माझी पाचही बोटं गुलाल लावल्यासारखी गुलाबी होत होती, टोकापासून नाही, मुळापासून वर. त्या रंगाची छटा मला कधी डब्यातून काढता आलेली नाही. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून खाली बसले होते.

तोच हात आज हे लिहितो आहे. मधल्या वर्षांत त्यानं किती पाट्या रंगवल्या, त्याचा हिशेब नाही. फार पुढे एका तरुण डॉक्टरनं मला सांगितलं की जखमेवर जमणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांमधून एक प्रोटीन सुटतं आणि स्नायूच्या पेशींना उठवतं, हे शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय. मला अभिमानच वाटला. आमच्या डॉक्टरांच्या अंगणातल्या सुभेदारानं हे आधीच सांगून ठेवलं होतं.

पण सांगायचं आहे ते निराळंच. ऑपरेशननंतर पावसाळा गेला, दिवाळी झाली, हात ठणठणीत राहिला. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "उद्या काम ठेवू नकोस. माझ्याबरोबर नेवाशाकडे चल." कशाला, ते सांगितलं नाही. नेवाशाच्या पुढे एका फाट्यावर उतरून आम्ही शेताच्या बांधानं चालत एका वस्तीवर गेलो. ओसरीवर चाळिशीचा एक माणूस अंबाडीचा दोर वळत बसला होता. बाजूला कुबड्या. डावा पाय मांडीपासून नव्हता. डॉक्टरांना पाहताच त्यानं बसल्याजागी ताठ होऊन सलाम केला.

"हा भागूजी," डॉक्टर मला म्हणाले. "आमच्या पलटणीतला." आणि त्याच्यासमोर खाली बसले.

मग मान खाली घालून, तुटक तुटक, त्यांनी मला सांगितलं. लढाईत भागूजीच्या मांडीतली धमनी गोळीनं फाटली. वरच्या साहेबांनी सांगितलं, बांधून टाका. डॉक्टरांनी हट्टानं शिवली. पाय वाचला. "मी मिरवलो त्या पायावर. येईल त्याला बोलावून दाखवायचो. बरा झाला म्हणून रजेवर घरी पाठवला, आणि पुन्हा तपासायला बोलावलंच नाही. आत काय चाललं असेल, हे मनातही आलं नाही. काही महिन्यांनी परत आणला, तो काळा पडलेला पाय घेऊन. मीच कापला."

डॉक्टरांनी माझा उजवा हात धरून भागूजीपुढे केला. "भागूजी, हा पेंटर. याचीही तशीच धमनी. तशीच बुजली. पण या वेळी मी लक्ष ठेवून होतो. म्हणून हा राहिला. तुला दाखवायला आणलाय."

भागूजीनं दोर खाली ठेवला. माझा हात दोन्ही हातांत घेऊन उलटासुलटा केला, व्रणावरून अंगठा फिरवला. "मूठ करा," म्हणाला. मी केली. "उघडा." उघडली. तो जरा वेळ बघत राहिला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"मंजी साहेब," तो म्हणाला, "माझा पाय कामी आला म्हना की."

डॉक्टर उठले आणि विहिरीकडे निघून गेले.

मी त्यांच्यामागं जायला उठलो, तर भागूजीनं मला खाली बसवलं. "जाऊ द्या त्यांस्नी. दरसाली येत्यात. म्होरं बसत्यात, बोलत काय न्हाईत. म्या किती डाव सांगितलं, साहेब, पाय गोळीनं नेला, तुमी न्हाई. आयकत्यात व्हय? हितं आजवर पान्याबिगर काय तोंडात घातलं न्हाई त्यांनी." मग घराकडे वळून बायकोला हाक मारली, "आगं ये, चार भाकरी जादा टाक!"

मी त्याचे हात धरले आणि म्हणालो, "भाऊ, हा हात तुमचा आहे." तो लाजला. म्हणाला, "न्हाई ओ. मला काय चितारता येतंय?"

डॉक्टर परत आले तेव्हा त्यांचं तोंड धुतलेलं होतं, शर्टाची कॉलर भिजलेली होती. ओसरीवर तीन ताटं मांडलेली पाहून ते थबकले. भागूजीच्या बायकोनं विचारलं काहीच नाही, नुसता पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. ते बसले. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा. पहिला घास घेतला आणि मग मान वर न करता जेवत राहिले, लांबचा प्रवास करून आलेल्या माणसासारखे. ताटातली भाकरी संपली तेव्हा ते चुलीकडे बघून, अगदी लहान आवाजात म्हणाले, "वहिनी, आणखी एक मिळेल का?"

ती उठायच्या आधीच भागूजीनं आपल्या ताटातली अर्धी मोडून त्यांच्या ताटात टाकली.